शीख ओळख कशी घडली? पंगतीपासून मतदारयादीपर्यंत

फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेडच्या गुरुद्वारा मंडळाचा कायदा बदलण्याचा प्रस्ताव राज्य सरकारने आणला. १७ जणांच्या मंडळात १२ सदस्य सरकारने नेमायचे, असं त्यात होतं. नांदेडात लोक रस्त्यावर उतरले आणि पंजाबपर्यंत त्याचे पडसाद उमटले. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनेक राज्यांना बजावलं की, शीख पद्धतीने झालेल्या लग्नांच्या नोंदणीचे नियम चार महिन्यांत करा. या लग्नांचा मूळ कायदा १९०९ सालचा आहे.

गुरुद्वाऱ्याच्या मंडळावर कोण बसणार यावरून एवढं का पेटतं? लग्नासाठी वेगळा कायदा कशाला हवा? आणि शीख मुळात हिंदूंचाच एक पंथ ना, मग एवढा वेगळेपणाचा आग्रह का? असे प्रश्न आपल्याकडे सर्रास विचारले जातात. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा आकस नसतो, माहिती नसते. उत्तरासाठी पाचशे वर्षं मागे जावं लागतं. तो इतिहास वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. शिखांनी ‘आम्ही कोण’ याचं उत्तर ग्रंथात शोधलं तसंच जेवणाच्या पंगतीत, प्रसादाच्या परातीत, लग्नाच्या मांडवात आणि देवस्थानाच्या हिशेबातही शोधलं. त्यांची धार्मिक ओळख आणि त्यांची समाजसुधारणा एकमेकींपासून सोडवून पाहिली तर दोन्ही कळत नाहीत.

नानकांनी वेगळा धर्म काढला होता का?

गुरू नानक (१४६९–१५३९) जन्मले तलवंडीला, म्हणजे आज पाकिस्तानात असलेल्या ननकाना साहिबला. दूरदूर फिरून झाल्यावर आयुष्याची शेवटची वर्षं ते रावीकाठी कर्तारपूरला राहिले. शेती करायची, सकाळ-संध्याकाळ सगळ्यांनी मिळून नामस्मरण करायचं आणि एका ओळीत बसून जेवायचं, असा तिथला रिवाज होता. असे जमणारे भाविक म्हणजे संगत, आणि त्यांच्यासाठी चालणारी सामुदायिक चूल म्हणजे लंगर. कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाच्या सावलीचाही विटाळ होतो, यावर माणसाची पत ठरण्याचा तो काळ. अशा काळात एका पंगतीत बसवणं हे साधं अन्नदान नव्हतं.

‘नानकांना नवा धर्म काढायचाच नव्हता’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यांच्या मनात काय होतं यावर वाद घालता येईल, पण त्यांनी केलं काय ते स्पष्ट आहे. आपल्या मुलांना बाजूला ठेवून त्यांनी लहणा नावाच्या शिष्याला ‘अंगद’ हे नाव देऊन गुरुपदावर बसवलं, म्हणजे आपल्या माघारी हे काम चालू राहील याची तजवीज केली. पुढच्या प्रत्येक गुरूने त्यात भर घातली. अंगदांनी गुरुमुखी लिपी रूढ केली. अमरदासांनी, आधी पंगतीत बसा आणि मग भेटीला या, असा दंडक घातला, सती आणि पडदा या चालींना विरोध केला आणि मुलूख वाटून देऊन प्रचारक नेमले. रामदासांनी अमृतसर वसवलं. अर्जनदेवांनी १६०४ मध्ये ग्रंथ सिद्ध केला.

या ग्रंथापाशी मराठी माणसाने जरा थांबायला हवं. आज १४३० पानांच्या असलेल्या गुरू ग्रंथसाहिबात सहा गुरूंच्या रचना आहेत, आणि त्यांच्या जोडीने कबीर, रविदास, शेख फरीद आणि आपले नामदेवही आहेत. नामदेवांची ६१ पदं त्यात आहेत. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला नामदेवांचं मोठं स्थान आहे, आणि २०१५ सालचं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच गावी भरलं होतं. विणकर, चांभार, शिंपी आणि सुफी यांची वाणी गुरूंच्या वाणीच्या बरोबरीने एकाच ग्रंथात बांधणं आणि सगळ्या संगतीने त्यापुढे माथा टेकणं, ही त्या काळातली फार मोठी झेप होती.

पण वारसा सामायिक आहे म्हणून धर्मही एकच, असा हिशेब इथे मांडता येत नाही. याच ग्रंथात अर्जनदेवांचं एक पद आहे, त्यात ते म्हणतात की आम्ही हिंदू नाही आणि मुसलमानही नाही. हे पद कबीरांच्या परंपरेतलं आहे आणि त्याचा रोख कर्मकांडावर आहे, असं काही अभ्यासक म्हणतात. ते मान्य केलं तरी, स्वतःचा ग्रंथ, स्वतःची लिपी, स्वतःचं तीर्थ आणि गुरूंची सलग परंपरा सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच उभी होती, हे नाकारता येत नाही.

१६९९ च्या बैसाखीला काय घडलं?

१६०६ मध्ये, जहांगीराच्या राज्यात, अर्जनदेवांना लाहोरला ठार मारलं गेलं. त्यांचे पुत्र हरगोविंद यांनी दोन तलवारी बांधल्या, एक आध्यात्मिक सत्तेची आणि दुसरी ऐहिक सत्तेची. १६७५ मध्ये औरंगजेबाच्या काळात नववे गुरू तेगबहादूर यांचा दिल्लीत शिरच्छेद झाला. त्यांचे पुत्र गोविंदसिंग यांनी १६९९ च्या बैसाखीला आनंदपूरला खालसा स्थापन केला. दीक्षा घेऊन शिस्त पाळणाऱ्या शिखांचा समूह म्हणजे खालसा.

त्या दिवशी शीर द्यायला जे पाच जण पुढे आले ते पंज प्यारे. परंपरा सांगते की त्यांतला एक लाहोरचा खत्री, एक हस्तिनापूरचा जाट, एक जगन्नाथपुरीचा पाणक्या, एक द्वारकेचा छिंपी (कापडावर छपाई करणारा) आणि एक बिदरचा न्हावी होता. बिदर आपल्या उदगीरपासून लांब नाही. या पाचांना एकाच लोखंडी भांड्यातलं अमृत पाजलं गेलं, सगळ्यांना ‘सिंग’ हे एकच नाव मिळालं, आणि मग गुरूंनी हात जोडून त्याच पाचांकडून स्वतः दीक्षा घेतली. न्हाव्याच्या आणि पाणक्याच्या हातून गुरूने दीक्षा घ्यावी, यात जातीच्या उतरंडीवर केवढा घाव आहे! बाहेरून दिसणारी खूण (केस, कडं, किरपाण) आणि आतून जात पुसण्याचा संकल्प एकाच दिवशी जन्मले.

मग त्यानंतर सगळे शीख खालसा झाले का? नाही, आणि पुढचा बराचसा इतिहास त्यातूनच घडला. दीक्षा घेऊन पूर्ण नियम पाळणारे ते अमृतधारी. दीक्षा न घेता केस राखणारे ते केशधारी. केस न राखता गुरूंना आणि ग्रंथाला मानणारे ते सहजधारी. आपल्या वारकऱ्यांवरून हे चटकन समजेल. एकादशी करणारे, हरिपाठ म्हणणारे, आषाढीला पंढरपूर गाठणारे लाखो लोक आहेत, पण तुळशीची माळ घातली की मांसाहार सुटतो, नेम लागतात, माणूस बांधला जातो. माळ नसलेल्याला कोणी ‘तू विठ्ठलाचा नाहीस’ म्हणत नाही. शिखांमध्येही बराच काळ असंच चाललं होतं. फरक इतकाच की, पुढे मतदारयाद्या आल्या आणि माळ कोणाच्या गळ्यात आहे हे कायद्याने विचारायची वेळ आली.

१७०८ मध्ये गोविंदसिंगांनी नांदेडला गोदाकाठी देह ठेवला. यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू, हा त्यांचा निर्णय.

देवस्थानं महंतांकडे कशी गेली?

अठराव्या शतकाचा बराचसा काळ खालसा घोड्यावर होता, जंगलात होता, शिरावर इनाम होतं. १७६२ मध्ये अहमदशहा अब्दालीच्या फौजेने केलेल्या कत्तलीला पंजाबात आजही ‘वड्डा घल्लूघारा’ म्हणतात. मग देवस्थानांची राखण कोणी केली? नानकांचे पुत्र श्रीचंद यांना मानणाऱ्या उदासी साधूंनी आणि निर्मला नावाच्या विद्वान साधूंच्या पंथाने. ते दाढी-केसांच्या खुणेत अडकलेले नव्हते, म्हणून सत्तेच्या डोळ्यावर येत नव्हते. देवस्थानाच्या अशा प्रमुखाला महंत म्हणत. त्या पडत्या काळात या साधूंनी ज्योत तेवत ठेवली, याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. नंतरच्या सुधारकांनी ते फारसं दिलं नाही.

१७९९ मध्ये रणजितसिंगांनी लाहोर घेतलं आणि चित्र पालटलं. अमृतसरच्या हरमंदिराला, म्हणजे आजच्या सुवर्णमंदिराला, सोन्याचा पत्रा चढला, देवस्थानांना जमिनी मिळाल्या. १८४९ मध्ये इंग्रजांनी पंजाब आपल्या राज्याला जोडला आणि नव्या महसुली दप्तरात यांतल्या कितीतरी जमिनी देवस्थानाऐवजी महंतांच्या नावे चढल्या. पुढे कालवे आले, पडीक जमिनीला सोन्याचा भाव आला. गादी वंशपरंपरेने चालू झाली. गुरुद्वाऱ्याच्या आवारात मूर्ती आल्या, सोवळं-ओवळं आलं, आणि ज्यांच्यासाठी पंगत सुरू झाली होती त्यांनाच पंगतीबाहेर ठेवलं जाऊ लागलं.

याविरुद्ध पहिला आवाज उठला तो रावळपिंडीच्या बाबा दयाल यांचा. मूर्तिपूजा सोडा, लग्न ग्रंथासमोर साधेपणाने लावा, असं सांगणाऱ्या त्यांच्या अनुयायांना निरंकारी म्हणत. (महाराष्ट्रात मोठमोठे समागम भरवणारं संत निरंकारी मंडळ वेगळं, ते विसाव्या शतकातलं आहे.) दुसरा आवाज नामधारींचा, म्हणजे कूकांचा. भैणी गावच्या बाबा रामसिंगांनी हुंड्याला आणि बालविवाहाला विरोध केला, आंतरजातीय विवाह लावले, बायकांना अमृतदीक्षा दिली. १८७२ मध्ये मलेरकोटल्याला इंग्रज अधिकाऱ्यांनी ६० हून अधिक कूकांना तोफेच्या तोंडी दिलं आणि रामसिंगांना रंगूनला धाडलं.

चार विद्यार्थी आणि सिंग सभा

खरी कलाटणी मिळाली १८७३ मध्ये. अमृतसरच्या मिशन शाळेतल्या चार शीख विद्यार्थ्यांनी आपण ख्रिस्ती होणार असं जाहीर केलं. त्यांचं मन वळवण्यात यश आलं, पण शहरातले मातब्बर शीख हादरले आणि त्याच वर्षी सिंग सभा स्थापन झाली. १८७९ मध्ये लाहोरला दुसरी सिंग सभा निघाली. प्राध्यापक गुरमुखसिंग आणि ज्ञानी दित्तसिंग हे तिचे आधारस्तंभ. दित्तसिंग रविदासी कुटुंबात जन्मलेले, म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. शीख नवजागरणाची सगळ्यात धारदार लेखणी त्यांच्या हातात होती, हे आवर्जून लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दोन्ही सभांचं आपसात पटत नव्हतं. अमृतसरकडचे बाबा खेमसिंग बेदी नानकांच्या वंशातले. ग्रंथासमोर त्यांना बसायला खास आसन मिळे, त्यावरून वाद पेटला. ग्रंथ हा गुरू असेल तर त्याच्यासमोर कोणीही उंच आसनावर का बसावं, असा लाहोरवाल्यांचा सवाल होता. १८८७ मध्ये गुरमुखसिंगांना पंथाबाहेर काढल्याचा हुकूमही निघाला. तरीही लाहोरच्या मंडळींनी छापखाना, वर्तमानपत्रं, पुस्तिका आणि शाळा यांच्या जोरावर मैदान मारलं. १८९२ मध्ये अमृतसरला खालसा कॉलेज उभं राहिलं आणि त्याच वर्षी फिरोजपूरला भाई तख्तसिंगांनी मुलींची शाळा काढली.

याच सुमाराला पंजाबात आर्य समाजही जोरात होता. सुरुवातीला दित्तसिंगांसारखे शीख त्यात वावरत, कारण मूर्तिपूजेला आणि जन्मजात श्रेष्ठत्वाला दोघांचाही विरोध होता. पण गुरूंबद्दल अवमानकारक बोलणं होऊ लागलं तेव्हा ही माणसं बाहेर पडली. १८९८ च्या सुमाराला भाई काहनसिंग नाभा यांची ‘हम हिंदू नहीं’ ही पुस्तिका आली. तिचं नाव ऐकून अनेकांना ती भांडखोर वाटते. प्रत्यक्षात ती एका हिंदू आणि एका शीख माणसाच्या संवादाच्या रूपात आहे, आणि आमचा ग्रंथ, आमचे संस्कार, आमची आचारसंहिता वेगळी आहे, एवढंच ती ठासून सांगते. १९०५ मध्ये हरमंदिराच्या आवारातल्या मूर्ती हलवल्या गेल्या.

‘ही तर इंग्रजांचीच खेळी’

हा आक्षेप दोन्हीकडून येतो. हिंदू-शीख दुरावा इंग्रजांनी पेरला, असं काही राजकीय मंडळी सांगतात. आजची रेखीव शीख ओळख एकोणिसाव्या शतकातल्या मध्यमवर्गाने घडवली, असं काही इतिहासकार मांडतात. दोन्हीत तथ्य आहे, म्हणून ते उडवून लावणं बरोबर नाही.

इंग्रजांच्या फौजेत शीख शिपायाला खालसाच्या खुणा पाळाव्या लागत. नोकरी हवी तर केस राखा, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. शिरगणतीत प्रत्येक माणसाला एकाच रकान्यात बसवणं भाग होतं. ‘मी घरी ग्रंथ वाचतो आणि देवीलाही जातो’ असं उत्तर रकान्यात मावत नव्हतं. पंजाबात १८८१ मध्ये शिखांची नोंद सुमारे १७ लाख होती, १९२१ मध्ये ती सुमारे ३१ लाखांवर गेली. ही वाढ नुसत्या जन्मदराची नव्हे. लोक स्वतःला वेगळ्या नावाने सांगू लागले होते आणि मोजण्याचे नियमही सैलावले होते.

पण यावरून ओळखच इंग्रजांनी बनवली असा निष्कर्ष काढला तर दोन गोष्टींचं काय करायचं? खालसाने कसं वागावं याचे रहितनामे, म्हणजे आचारनियमांच्या संहिता, इंग्रज पंजाबात यायच्या कितीतरी आधी लिहिल्या गेल्या होत्या. आणि ही ओळख जेव्हा टोकदार होऊन देवस्थानांच्या मुक्तीसाठी उभी राहिली, तेव्हा इंग्रज सरकार महंतांच्या बाजूने लाठ्या घेऊन उभं होतं. इंग्रजांनी रकाने आखले; त्यात काय लिहायचं हे शिखांनी ठरवलं.

लग्नाचा कायदा का लागला?

गुरू रामदासांची चार पदं म्हणत ग्रंथाभोवती चार फेरे घ्यायचे, हा आनंद कारज. निरंकारींनी आणि नंतर सिंग सभेने तो विधी पुन्हा रूढ केला, पण कोर्टात अडचण आली. अग्नी नाही, भटजी नाही, मग हे लग्न वैध कसं? लग्न वैध नाही तर मुलं औरस कशी, आणि वारसा कोणाला? धर्माचा प्रश्न असा थेट सातबाऱ्यापर्यंत पोचला. म्हणून १९०९ मध्ये आनंद विवाह कायदा झाला. तो काही कलमांचाच होता, आणि अशी लग्नं वैध होती व आहेत, एवढंच त्याने सांगितलं. नोंदणीची सोय त्यात नव्हती. ती २०१२ च्या दुरुस्तीने आली, पण नियम करायचे राज्यांनी. कित्येक राज्यांनी ते केलेच नाहीत, म्हणून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बोलावं लागलं.

१२ ऑक्टोबर १९२०: प्रसादाची परात

या इतिहासातला एकच दिवस जवळून बघायचा असेल तर मी हा निवडेन.

‘खालसा बिरादरी’ ही तथाकथित खालच्या जातींतून आलेल्या शिखांची संघटना. तिचा मेळावा अमृतसरला जालियनवाला बागेत भरला होता. हत्याकांडाला दीड वर्ष होत होतं. हरमंदिराच्या सरकारनियुक्त व्यवस्थापकाने जनरल डायरचा सत्कार केला होता, त्याची आग शहरात अजून धुमसत होती. मेळाव्यात बऱ्याच जणांनी अमृतदीक्षा घेतली. मग खालसा कॉलेजचे काही प्राध्यापक आणि विद्यार्थी सोबत घेऊन सगळे कडाह प्रसाद, म्हणजे तुपातला कणकेचा शिरा, घेऊन हरमंदिराकडे निघाले.

पुजाऱ्यांनी प्रसाद स्वीकारायला आणि त्यांच्यासाठी अरदास, म्हणजे प्रार्थना, करायला नकार दिला. या जातींच्या हातचा प्रसाद दरबारात चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. अंगावर खालसाच्या खुणा, तोंडी गुरूचं नाव, समोर तोच ग्रंथ, आणि तरीही हात विटाळाचे! बराच वेळ वाद झाला. शेवटी ठरलं की गुरूलाच विचारावं. ग्रंथ उघडून डाव्या पानावरचं पहिलं पद वाचायचं आणि ती आज्ञा मानायची, ही शिखांची रीत आहे. पद निघालं तिसऱ्या गुरूंचं, अमरदासांचं. त्याचा आशय असा की, ज्यांच्याकडे काही गुण नाहीत त्यांनाही तो स्वतः क्षमा करतो आणि सद्गुरूच्या सेवेला लावतो.

वाद तिथेच संपला. प्रसाद वाटला गेला आणि पुजाऱ्यांनाही घ्यावा लागला. मंडळी तिथून समोरच्या अकाल तख्ताकडे वळली, तर तिथले पुजारी जागा सोडून निघून गेलेले. शिखांची सर्वोच्च गादी अशी उघडी कशी टाकायची? कर्तारसिंग झब्बर यांच्या पुढाकाराने २५ स्वयंसेवकांनी तिचा ताबा घेतला. महिन्याभरात, नोव्हेंबर १९२० मध्ये, शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली आणि डिसेंबरात अकाली दल. आज ज्या संस्थांची नावं आपण राजकारणाच्या बातम्यांत वाचतो, त्यांचा जन्म दलित शिखांच्या प्रसादाच्या परातीतून झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

पुढची पाच वर्षं रक्ताची होती. फेब्रुवारी १९२१ मध्ये ननकाना साहिबच्या महंताच्या भाडोत्री गुंडांनी, शांतपणे आत शिरलेल्या शंभरावर शिखांची कत्तल केली. ऑगस्ट १९२२ पासून अमृतसरजवळच्या गुरू का बागेत लंगरसाठी लाकूड तोडण्याच्या हक्कावरून रोज अकालींचे जथे पोलिसांपुढे जात, लाठ्या खात आणि हात उचलत नसत. तलवार बाळगणारा समाज अहिंसेची शपथ पाळतो, हे पाहून गांधीजींचे इंग्रज स्नेही सी. एफ. अँड्र्यूज हेलावून गेले. पाच हजारांहून अधिक लोकांना तिथे अटक झाली. अखेर १९२५ मध्ये शीख गुरुद्वारा कायदा झाला आणि गुरुद्वारे निवडून आलेल्या मंडळाकडे आले. नेमणूक की निवडणूक, यासाठी लोकांनी इतकं सोसलं आहे. म्हणून नांदेडच्या मंडळात सरकारनियुक्त सदस्य वाढवण्याची भाषा होते तेव्हा शीख माणसाला ती नुसती प्रशासकीय बाब वाटत नाही.

शीख कोण, हे कायद्याने का ठरवायचं?

निवडणूक म्हटली की मतदारयादी आली, आणि यादी म्हटली की व्याख्या. माझा गुरू ग्रंथसाहिबावर विश्वास आहे, दहा गुरूंवर विश्वास आहे आणि मला दुसरा कोणताही धर्म नाही, असं प्रतिज्ञेवर सांगेल तो शीख, ही १९२५ च्या कायद्यातली व्याख्या. शेवटची अट कळीची आहे. उदासी, निर्मला, दोन्हीकडे पाय असलेली हजारो घरं यांना एक बाजू निवडणं भाग पडलं. १९४५ मध्ये शिरोमणी समितीने ‘सिख रहित मर्यादा’ ही आचारसंहिता अंतिम केली आणि चौकट अधिक पक्की झाली. सहजधारींचा मतदानाचा हक्क २००३ मध्ये अधिसूचनेने काढला गेला, उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती अधिसूचना रद्द केली, आणि २०१६ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून तो हक्क मागील तारखेपासून काढून टाकला. मला हे नुकसान वाटतं. ज्या मोकळ्या संगतीपासून सुरुवात झाली होती तिचा एक हिस्सा दारातच थांबला. संस्था हाती ठेवायच्या तर कुंपण लागतं, ही समितीची अडचण समजते. तरी कुंपणाबाहेर राहिलेली माणसंही नानकांचीच होती.

नांदेडचे रिवाज वेगळे का?

१९२५ चा कायदा पंजाबचा होता आणि नांदेड निजामाच्या राज्यात होतं. म्हणून सिंग सभेच्या सुधारणेची लाट इथे तितक्या जोराने पोचली नाही. तख्त सचखंड हजूर साहिबात, म्हणजे नांदेडच्या मुख्य गुरुद्वाऱ्यात, गुरू ग्रंथसाहिबाबरोबर दशम ग्रंथाचीही (गोविंदसिंगांच्या नावे असलेल्या रचनांचा ग्रंथ) स्थापना आहे, दिवे लावून आरती होते, शस्त्रांची पूजा होते. अमृतसरच्या भाविकाला यातलं बरंच अनोळखी वाटतं. आजची इमारत रणजितसिंगांच्या काळात बांधली गेली, कारभार १९५६ च्या स्वतंत्र कायद्याने चालतो. सुधारणेपूर्वीच्या शीख रीतिरिवाजांचा काही भाग पाहायचा असेल तर तो आपल्या मराठवाड्यात जिवंत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे सव्वादोन लाख शीख आहेत. दख्खनी शिखांची कितीतरी घरं पिढ्यानपिढ्या इथलीच आहेत.

बायकांना काय मिळालं?

गुरू अंगदांच्या पत्नी माता खीवी यांच्या लंगरची वाखाणणी खुद्द ग्रंथात आहे. १९२५ च्या कायद्याने शीख स्त्रियांना गुरुद्वारा निवडणुकीत मत दिलं, तेव्हा जगातल्या कितीतरी देशांत बायकांना मत नव्हतं. १९९९ मध्ये बीबी जगीर कौर शिरोमणी समितीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. पण हरमंदिरात कीर्तन करायला बायकांना अजून मुभा नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये पंजाब विधानसभेने तसा ठराव करून विनंती केली, तरीही नाही.

मग जात गेली का?

नाही गेली, आणि हे शिखांमधले सुधारकच सगळ्यात जोराने सांगतात.

१९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केल्यानंतर डॉ. आंबेडकरांनी शीख धर्माचा गांभीर्याने विचार केला होता. एप्रिल १९३६ मध्ये ते अमृतसरच्या शीख परिषदेला गेले, काही अनुयायांना तिकडे अभ्यासाला पाठवलं. मुंबईत माटुंग्याचं खालसा कॉलेज १९३७ मध्ये सुरू झालं, ते याच काळात जुळलेल्या संबंधांतून. पुढे तो बेत राहिला. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या अनुसूचित जातींच्या यादीत हिंदूंखेरीज फक्त चार शीख जाती होत्या, त्यांत मजहबी शीख (पूर्वी अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका जातीतले शीख) होते. १९५६ मध्ये ही सवलत सगळ्या दलित शिखांना मिळाली. ज्या धर्मात जातच नाही त्यातल्या लोकांना जातीवर आरक्षण कसं, असा आक्षेप घेतला जातो. त्याचं उत्तर पंजाबातल्या अनेक गावांत दिसतं: जाटांचा गुरुद्वारा वेगळा, दलितांचा वेगळा, कधी स्मशानही वेगळं. जमीन बहुतेक जाटांकडे, आणि २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातली जवळजवळ ३२ टक्के लोकसंख्या अनुसूचित जातींची. ‘एका गावात एक गुरुद्वारा, एक स्मशान’ अशी हाक अकाल तख्त आणि शिरोमणी समितीकडूनही वेळोवेळी दिली गेली आहे.

जालंधरजवळच्या तल्हण गावात २००३ मध्ये हाच प्रश्न पेटला. गावातल्या श्रद्धास्थानाचं उत्पन्न भरघोस होतं आणि समिती जाटांच्या हातात. दलितांनी समितीवर जागा मागितली, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की तुम्ही शीखच नाही. सामाजिक बहिष्कार पडला, हाणामारी झाली, गोळीबारापर्यंत प्रकरण गेलं. शेवटी तडजोड झाली आणि समितीत दलितांना दोन जागा मिळाल्या.